मुक्कामाचा पत्ता

सुषमानं पट्ट्याचं लोखंडी टोक पुन्हा एकदा खाचेत सारलं. खटका बसला नाही.

"उलटं धरलंय, वैनी," जालिंदर म्हणाला. "सपाट बाजू खाली घ्या. आन् घाई करू नका. शिकायलाच बसलोय आपण."

तिनं टोक फिरवलं. या वेळी खट्ट असा आवाज आला आणि पट्टा पोटावर घट्ट बसला. तो सोडवायचा कसा हे जालिंदरनं सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती समोरच्या टेबलावरच्या फोनकडे बघत होती.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर खताच्या दुकानाच्या माडीवर आखातात कामाला माणसं पाठवायचं जालिंदरचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली. खोलीच्या एका अंगाला प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या, तीन इकडे आणि तीन तिकडे, मधून जायला वाट. खुर्च्यांना भंगारातल्या गाड्यांचे पट्टे बांधलेले. कपाटाच्या दाराला त्यानं संडासाच्या दाराची म्हणून एक सरकती कडी बसवून घेतली होती. सात वर्षांपूर्वी त्यानं पाठवलेला एक माणूस विमानात संडासाचं दार उघडता येईना म्हणून तसाच बसून राहिला होता आणि ओल्या कपड्यांनिशी परमुलखात उतरला होता. तिथून फोन करून तो माणूस बाईसारखा रडला. तेव्हापासून जालिंदर कुणालाही तासभर या खुर्च्यांवर बसवल्याशिवाय विमानात बसवत नसे. माणसं हसायची, पण जाऊन आल्यावर पेढे आणून द्यायची. सुषमाचा नवरा संपत याच खुर्च्यांवर बसून पाच वर्षांपूर्वी मस्कतला गेला होता.

"कान दडपले तर आवंढा गिळायचा. साहेबानं विचारलं कशाला चाललाय, तर सांगायचं, हजबंड, हॉस्पिटल. दोनच शब्द. म्हणा बरं."

"जालिंदरभाऊ, एकदा फोन लावा ना."

"सकाळी लावला व्हता की."

"माझ्यासमोर लावा."

जालिंदरनं नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. त्यानं रिसीव्हर तिच्या कानाला लावला. तिनं ती घंटी शेवटपर्यंत ऐकली, बंद झाल्यावरही रिसीव्हर तसाच धरून ठेवला.

सोमवारी सकाळी संपत क्रेनच्या शिडीवरून पडला, एवढंच तिला माहीत होतं. मंगळवारी तिच्या गावच्या, न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवर कंपनीतल्या कुणाचा तरी फोन आला तेव्हा ती बालवाडीत पोरांना जेवण वाढत होती. बूथवाला पळत आला. संपत बेशुद्ध आहे, असं फोनवरच्या माणसानं हिंदीत सांगितलं. गुरुवारी तिनं स्वतः फोन केला तर दुसराच कुणी म्हणाला, औषध दिलंय, झोपलाय. शुक्रवारी तिसरा म्हणाला, वॉर्डात फोन नसतो, मॅडम, आप आ जाइए, फिर बात करेंगे. तीन माणसं, तीन उत्तरं. आणि काल, शनिवारी, तिचा व्हिसा आणि तिकीट फॅक्सवर आलं. संपतनं दोन वर्षांपूर्वी हौसेनं तिचा पासपोर्ट काढून ठेवला होता. एकदा तुला समुद्र दाखवतो, म्हणाला होता. आठ-आठ महिने रजा न देणारी कंपनी बायकोला चार दिवसांत विमानानं बोलावते, या गोष्टीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. चांगली माणसं असतील. माणसं चांगली असतात.

"जालिंदरभाऊ, मला खरं सांगा. जीव हाय ना?"

जालिंदर वाकून खुर्चीचा सैल झालेला पट्टा घट्ट करायला लागला. "वैनी, मला जेवढं सांगितलं तेवढं मी सांगतो. तुम्ही सुखरूप पोचावं एवढंच माझ्या हातात हाय." मग मान वर न करताच म्हणाला, "आन् एकट्या न्हाई तुम्ही. दौंडकडचा एक जण हाय संगं. भैरू त्याचं नाव. साधा माणूस हाय, पहिल्यांदाच चाललाय. तुम्ही शिकलेल्या, त्याचं कागद बघा. तो तुमची पिशवी उचलंल."

"तोबी ह्यांच्याच कंपनीत?"

"कंपन्या लई हायेत तिकडं," जालिंदर म्हणाला, आणि खाली चहा सांगायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप न्हावऱ्यात आली. चार वर्षांची मुलगी साधना झोपेत होती. तिला उठवायचं नाही असं सासूनं बजावलं होतं. सासू रतनबाई दारात उभी होती. ती रडली नाही. धनगराची बाई, जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली; कुणाला निरोप देताना रडायचं नसतं हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिनं भंडाऱ्याची पुडी सुषमाच्या हातात दिली.

"त्याच्या कपाळाला लाव. आन् म्हणावं, आईनं बोलावलंय. लई झालं तिकडं."

"व्हय, आत्या."

"डोळं उघडंल तो. तुझा आवाज ऐकला की उघडंल."

भैरू शिरूरला जीपमध्ये चढला. रात्रीच दौंडहून येऊन तो जालिंदरच्या ऑफिसात झोपला होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, नव्या बुटांमुळे लंगडत चालणारा माणूस. त्याच्या हातात तुपाचा डबा होता आणि डब्याचं झाकण तारेनं आवळलेलं होतं. तो सुषमाला नमस्कार घालून मागच्या सीटवर बसला. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत जीप अडकली. सुषमा सारखी घड्याळाकडं बघायला लागली. पुढं एक कंटेनर आडवा झाला होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिनं दार उघडलं आणि उतरून चालायलाच लागली, जणू मुंबई पुढच्या वळणावर होती.

भैरू बुटांसकट धावत आला. "ताई, ताई! ऐका. येळ लई हाय अजून. जालिंदरभाऊंनी तीन तास जास्तीचं धरल्यात. माघारी चला."

"मला उशीर झाला आन् त्यांना काय झालं तर?"

"कुणाला?"

भैरू तिच्या शेजारी धुरात नुसता उभा राहिला, रांग हलेपर्यंत. मग दोघं परत जीपमध्ये बसली.

विमानतळावर जालिंदरनं सांगितलेलं एकेक समोर येत गेलं आणि त्यातलं तिला काहीच अवघड वाटलं नाही. सामान पट्ट्यावर ठेवा. ठेवलं. हात वर करा. केले. तपासणीवाल्या बाईनं भंडाऱ्याची पुडी उघडली, बोटानं चाचपली आणि संशयानं वास घेतला.

"हे काय आहे?"

"जेजुरीचा भंडारा हाय. माझा नवरा दवाखान्यात हाय. त्यांना लावायचाय."

बाईनं पुडी होती तशी बांधून दिली. पुढच्या खिडकीतल्या साहेबानं इंग्रजीत विचारलं तेव्हा मात्र तिला ते दोन शब्द आठवले नाहीत. कितीही ओढले तरी आठवले नाहीत. ती मराठीतच बोलायला लागली. शिडीवरून पडलेत, सात दिवस झाले, कुणी बोलू देत नाही, सासू म्हातारी आहे. साहेबानं शिक्का मारला आणि पासपोर्ट सरकवत हळूच मराठीत म्हणाला, "जा बाई. सावकाश जा."

विमान धावायला लागलं तेव्हा भैरूनं डोळे मिटून दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरली. त्याचे ओठ हलत होते. जमीन सुटली तशी त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला. सुषमाला ना भीती वाटली ना नवल. खाली मुंबई तिरपी झाली, मग समुद्र आला. हाच तो समुद्र असणार, असं तिच्या मनात येऊन गेलं. विमान जागच्या जागी थांबल्यासारखं वाटत होतं आणि तिला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं, जरा जोरात चालवा.

"आवंढा गिळा, भाऊ," ती म्हणाली.

भैरूनं गिळला. थोड्या वेळानं त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. "झालं व्हय?"

"झालं. आता नुसतं बसायचं."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच हसला. भीती गेल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलत सुटला. दौंडकडच्या साखर कारखान्यात तो गव्हाणीवर ऊस टाकायची क्रेन चालवायचा. हंगाम संपला की काम नाही. बायको धुरपदा म्हणाली, एक घर बांधू आणि मग परत या. व्हिसाचा कागद चार महिन्यांपूर्वीच झाला होता, पण बोलावणंच येत नव्हतं. रोज जालिंदरभाऊला फोन करायचा. आता ह्या महिन्यात, आता पुढच्या.

"आन् एकदम गेल्या सोमवारी संध्याकाळी निरोप आला, तयारी कर म्हणून. जागा खाली झाली म्हणं एक."

सुषमानं मान हलवली. तिचं अर्धंच लक्ष होतं. हवाई सुंदरी उतरताना भरून द्यायची कार्डं वाटत आली. भैरूनं आपलं कार्ड तिच्यापुढं धरलं. "तुम्हीच लिवा, ताई. माझं इंग्रजी म्हंजी सहीपुरतं."

तिनं आधी त्याचंच घेतलं. स्वतःच्या कार्डावर काय लिहायचं याची तिला धास्ती होती, ती तेवढीच पुढं ढकलली जात होती. तिनं सुबक अक्षरात नाव लिहिलं, पासपोर्टचा नंबर उतरवला. जन्मतारीख विचारली तर भैरू लाजला. शाळेतली खोटी आहे म्हणाला. तिनं तीच लिहिली. मग मुक्कामाचा पत्ता आला.

"राहणार कुठं?"

"ते ह्याच्यात हाय." त्यानं शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून चौघडी घातलेला कागद.

सुषमानं कागद उलगडला. वर कंपनीचं नाव होतं. तिला ते वाचावं लागलं नाही. नावाखाली पोस्टबॉक्सचा नंबर, त्याच्याखाली कॅम्प तीन, खोली नऊ. हा पत्ता तिनं पाच वर्षं महिन्यातून दोनदा लिहिला होता. पाकिटावर उजव्या बाजूला, खाली रेघ ओढून. कधी कधी साधनाच्या हाताचा ठसा आत घालून. खोलीच्या नंबरापुढं कॉट नंबर चार असंही लिहिलेलं होतं. पाकिटावर ती कॉटचा नंबर लिहीत नसे, पण तिला तो माहीत होता. काम, क्रेन ऑपरेटर. तारीख, गेल्या सोमवारची.

तिनं ती तारीख पुन्हा वाचली. मग बोटावर दिवस मोजले, रविवार, शनिवार, शुक्रवार, असे मागं मागं, आणि सोमवारपाशी बोट थांबलं. मंगळवारी बेशुद्ध आहे म्हणून सांगितलं होतं. गुरुवारी झोपलाय म्हणून. पडलेल्या माणसाची कॉट कुणी त्याच संध्याकाळी दुसऱ्याला देत नाही. तो बरा होईल, निदान बघू तरी, म्हणून आठ दिवस थांबतात. जनावर बसलं तरी माणूस रात्रभर वाट बघतो.

पेन कार्डावर टेकलेलं होतं. तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काय झालं, ताई? चुकलं काय?"

"न्हाई."

"कागदात काय खोट हाय का? फसवलं का मला?" भैरूचा आवाज चढला. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. "बोला की, ताई. जालिंदरभाऊनं फसवलं का?"

"फसवलं न्हाई. नोकरी खरी हाय तुमची," ती म्हणाली. "अक्षर बारीक हाय. नीट दिसंना."

तिनं पत्ता लिहिला. कागद न बघता लिहिला, खाली रेघसुद्धा ओढली, आणि कार्ड त्याला दिलं. भैरूनं ते दोन्ही हातांनी घेतलं. मग ती खिडकीकडं वळून बसली. खाली पाणीच पाणी होतं. तिनं पदराचा बोळा करून दातांत धरला. खांदे हलू नयेत म्हणून पाठ खुर्चीला दाबून धरली. असा किती वेळ गेला कोण जाणे. हवाई सुंदरी जेवणाचं ताट घेऊन आली आणि तसंच परत घेऊन गेली.

भैरूही जेवला नाही. त्याला वाटलं, नवरा आजारी आहे म्हणून रडत्यात. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "कसं असंल वो तिथं? तुमचं मालक तिकडंच हायेत, त्यांनी कायतरी सांगितलं असंल."

सुषमानं पदर तोंडातून काढला.

"खोलीत सहा कॉटा हायेत. चार नंबरची कॉट कूलरच्या तोंडाशी येती. पहाटं गारठा लागतो. डोक्याला रुमाल बांधून झोपायचं."

भैरू ऐकत होता.

"शेजारी केरळचा एक म्हातारा हाय, थॉमस म्हणून. त्याला मराठी येतं थोडं. सकाळी ‘जेवला का’ म्हणंल. सकाळ असली तरी तेच म्हणतो. हसायचं न्हाई. शुक्रवारी भात तो करतो, भाजी आपण करायची. पाणी साठवून ठेवायचं. उन्हात शिडीला हात लावायच्या आधी..." ती थांबली. आवंढा गिळला. "शिडीला हात लावायच्या आधी हातमोजं घालायचं. घामानं हात सरकतो. घरी धुरपदाला दर पंधरा दिवसांनी पत्र लिवा. फोनवर माणूस खरं बोलत न्हाई."

"एवढं कसं ठावं तुम्हाला?"

"पत्रं यायची," सुषमा म्हणाली.

भैरूनं तिच्याकडं पाहिलं. मग मांडीवरच्या कागदाकडं. त्याला इंग्रजी सहीपुरतं येत होतं, पण आकडे वाचता येत होते. तीन. नऊ. चार. त्यानं तो कागद घडी घालायला घेतला, पण घडी नीट पडेना. विमान उतरेपर्यंत तो त्या कागदाशी खटपट करत राहिला.

बाहेर पांढरं ऊन होतं. दाराशी गर्दीत एक तरुण माणूस पाटी धरून उभा होता. पाटीवर दोन नावं होती, वर भैरूचं, खाली तिचं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात थंड पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्यानं आधी सुषमाला बाटली दिली.

"नमस्ते, मॅडम. सफर ठीक रहा? कोई तकलीफ तो नहीं हुई?"

"नहीं हुई."

"अच्छा, अच्छा. गाडी में एसी है. पहले ऑफिस चलते हैं. साहब मिलेंगे, चाय लेंगे. उसके बाद हॉस्पिटल." मग भैरूकडं वळून म्हणाला, "तुम उस सफेद बस में बैठो. कैंप जाएगी."

सुषमा जागची हलली नाही. पाण्याची बाटली तिनं तशीच धरली होती.

"ऑफिस नहीं जाना," ती म्हणाली. तिची हिंदी मोडकी होती, पण शब्द एकेक करून नीट आले. "उनको जिधर रखा है, उधर ले चलो."

तो माणूस काहीतरी बोलणार होता. मग त्यानं पाटी खाली केली, तिच्याकडं बघायचं टाळलं आणि पार्किंगकडं हात केला.

भैरू पांढऱ्या बसकडं निघाला होता. दोन पावलांवरून तो परत फिरला. तुपाचा डबा त्यानं काखेत मारला आणि सुषमाच्या हातातली पिशवी घेतली.

"तुमको कैंप जाना है, भाई," तो तरुण म्हणाला.

"जाईन की. उद्या जाईन," भैरू त्याला मराठीतच म्हणाला. मग सुषमाला म्हणाला, "ताई, मी येतो संगं. तुम्ही नगं म्हणला तरी येतो."

सुषमानं त्याच्या बुटांकडं पाहिलं. टाचेवर रक्त आलं होतं.

"बूट काढा आधी," ती म्हणाली.

त्यानं तिथंच वाकून बूट काढले, दुसऱ्या हातात घेतले आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी तिच्यामागं चालायला लागला.